पाहुण्यांसाठी, आईच्या आवडीच्या जागा

कातानिया,
ऑक्टोबर संपता संपता

प्रिय सारो,

यादी हवी होती ना तुला? बसले बाबा एकदाची लिहायला. दर रविवारी फोनवर तेच तुणतुणं, "आई, लिहिलंस का? आई, स्वतःच्या हाताने लिही हं, मी ते चौकटीत घालून स्वयंपाकघराच्या दाराशी लावणार आहे." गावात कुठे खावं, कुठे खरेदी करावी, कुठे भटकावं, सगळं म्हाताऱ्या आईच्या थरथरत्या अक्षरात. आता माझं अक्षर थरथरत नाही याला मी काय करू? मुद्दाम थरथरवून बघितलं, जमलं नाही. आपल्या ज्वालामुखी डोंगराने कालपासून राख टाकायला सुरुवात केली आहे, टेबलावर हात फिरवला की तळवा काळा होतो. कागदावर बोटांचे डाग पडलेच आहेत. पाहुण्यांना सांग, डाग अस्सल आहेत. तुला हल्ली अस्सल गोष्टींचं फार वेड लागलंय.

आधी कामाचं बोलून टाकते. दोन तारखेला सकाळी तू गाडी घेऊन येणार, मला डोंगराच्या पायथ्याशी नन्सच्या वृद्धाश्रमात सोडणार. तिथे हवा चांगली, नन्स प्रेमळ, जेवण मऊ. मऊ! अरे, माझे दात अजून माझेच आहेत, सूनबाई लुदोविकासारखे दवाखान्यातून आणलेले नाहीत. मी गेले की रंगारी येणार, भिंती पांढऱ्या होणार आणि नाताळात पैसे मोजून येणारे पहिले पाहुणे माझ्या पलंगावर झोपणार. "थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे आई, मग बघू," असं तू म्हणालास. काय बघू, ते काही बोलला नाहीस. तुला हे घर हवंय आणि मला या घरात मरायचंय. आपल्या दोघांत एवढीच गोष्ट आहे, बाकी सगळं वरवरचं साखर लावणं. घर माझ्या आईचं होतं, मग माझं झालं, तुझ्या बापाचं नावसुद्धा त्यावर कधी लागलं नाही, हे तुला ठाऊक आहे. नाही म्हणून कसं चालेल, ईस्टरला येऊन तू तेच तर पहिल्यांदा विचारलं होतंस.

ईस्टरचं आठवतं ना? मला तर रोज आठवतं. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून मी चार मजले उतरलेच नव्हते. बाल्कनी, दोराची टोपली आणि समोरच्या बाल्कनीतली नेद्दा, एवढंच माझं गाव उरलं होतं. आणि तू आलास, न सांगता, एकटा. म्हणालास, "चल आई, तुला तुझ्या सगळ्या आवडीच्या जागा दाखवून आणतो." मी म्हटलं, "उतरणार कशी, पंख फुटलेत का मला?" तर तू खाली वाकलास आणि म्हणालास, "बस पाठीवर." सारो, पोरा, तुझ्या पाठीवर बसून मी चार मजले उतरले. जिन्यात प्रत्येक दार उघडलं. नेद्दा वरून ओरडली, "अगं व्हेनेरा, आपल्या गोष्टीतले ते दोघे भाऊ गं! आगीतून आईबापांना पाठीवर घेऊन पळाले, डोंगराची आगसुद्धा बाजूला झाली त्यांच्यासाठी!" मी तुझ्या मानेत तोंड खुपसलं होतं. तुझ्या मानेला अजून लहानपणचाच वास येतो. मी रडत होते ते तुला कळलं की नाही कोण जाणे. ते दोघे भाऊ आईबापांना आगीतून बाहेर काढत होते रे, तू मला घरातून काढत होतास. पण ते मला तेव्हा कुठे कळायला.

तर सकाळचं खाणं. पाहुण्यांना म्हणावं, कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात जा आणि बदामाची ग्रानीता घ्या, तो गोड बर्फाचा चुरा. सोबत ब्रिओश, तो मऊ गोड पाव, डोक्यावर गुंडी असलेला. गुंडी आधी तोडायची, बर्फात बुडवायची आणि डोळे मिटून खायची. लहानपणी तू तुझी गुंडी खायचास आणि लगेच माझ्या पावाची उचलायचास. बिनगुंडीचा पाव खाऊन खाऊन मला वाटायला लागलं होतं की आयांचे पाव तसेच येतात. ईस्टरला मात्र तू तुझी गुंडी तोडून माझ्या बशीत ठेवलीस. मला भरून आलं. तू म्हणालास, "आई, अशीच राहा, अजिबात हलू नकोस," आणि फोन वर धरलास. मला वाटलं, पोराला आईची आठवण जवळ ठेवायचीय. मग तू तीच गुंडी मला तीनदा बुडवायला लावलीस, कारण ऊन नीट पडत नव्हतं. पाहुण्यांना सांग, अकराच्या पुढे जाऊ नका, तेव्हा उरलंसुरलं मिळतं. नको, राहू दे, सांगूच नकोस.

मासळीबाजार तर सांगायलाच हवा. कारंज्यामागच्या पायऱ्या उतरल्या की पुद्दूकडे जायचं, दुसरीकडे नाही. मासा घ्यायचा तर त्याचे डोळे बघायचे, अंग नाही. अंगाला पाणी मारून कोणीही चमक आणतं, डोळे खोटं बोलत नाहीत. तू मला पाठीवर घेऊन त्या गर्दीत शिरलास तेव्हा पुद्दू सुरा आपटून काय ओरडला होता, आठव. "काय रे सारो, आईला विकायला आणलीस की काय? आण इकडे, डोळे बघू दे! छे छे, ही अजून ताजी आहे, घेऊन जा परत!" सगळा बाजार हसला. मीही हसले, इतकी की शेजारच्या टोपलीतली कालवं माझ्या पायाने सांडली. तूही हसलास, पण जरा उशिराने. मग पुद्दूने मला लिंबू पिळून कच्ची कोळंबी दिली, आणि तू म्हणालास, "आई, तो तांबडा स्वेटर काढ ना, ही काळी शाल घे. फोटोत बरी दिसशील." मी काळं घालत नाही हे तुला माहीत आहे. तुझा बाप नित्तो गेल्यावर वर्षभर घातलं आणि टाकून दिलं, त्याला काळं आवडायचं नाही. पण पोराची हौस म्हणून घेतली शाल. ती शाल तू मिलानहून पिशवीत घालून आणली होतीस, घडीची रेघसुद्धा मोडली नव्हती. तेव्हा नाही माझ्या डोक्यात आलं, की आईला पाठीवर घ्यायला आलेला पोरगा काळी शाल कशाला घेऊन येईल.

खरेदीला सोमवारच्या बाजारात पाठव त्यांना. नाव सोमवारचं, भरतो रोज, आणि ओरडतात असे की जणू आग लागली आहे. भाव ऐकला की तोंड वाकडं करायचं आणि चालायला लागायचं. मागून हाक आली नाही तर समजायचं, भाव खरा होता. लुदोविकाने पहिल्याच भावाला दिलेली ती टॉवेलांची जोडी अजून बाजारात गाजते आहे. "मिलानची सून कधी आणताय पुन्हा?" असं ते मला खालून विचारतात. पांढऱ्या चादरी मात्र बाजारातून घ्यायच्या नाहीत असं तू ठरवलंस. माझ्या लग्नातल्या चादरी हव्या तुला, आईने आणि मावशीने कोपऱ्यात माझी अक्षरं भरलेल्या. पाहुण्यांना त्यावर झोपायला आवडेल म्हणे. त्यातली एक मी बाजूला काढून ठेवली आहे. ती कशासाठी, हे आपल्याकडे पोरांना सांगावं लागत नाही. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी मी दुपारची पडले होते आणि तुला वाटलं झोपले, तेव्हा तू कपाट उघडून तीही झटकून बघितलीस आणि म्हणालास, "दुहेरी पलंगाला पुरेल." मी डोळे मिटून पडून राहिले. म्हटलं, असेल, पुरुषमाणसाला काय कळतं चादरीतलं.

त्याच दिवशी तू माझी जुनी किसणीही भिंतीला खिळ्यावर टांगलीस, "बघ आई, किती छान दिसते!" किसणी काय टांगायची वस्तू आहे? चीज किसायचं झालं तर मला आता स्टुलावर चढावं लागतं.

लिंबू-मीठ-सोड्याचं दुकान सांगते, पण ते त्यांनी प्यावं अशी माझी इच्छा नाही. ते तुझ्या बापाचं आहे. नित्तो डोंगराभोवती फिरणारी ती छोटी आगगाडी चालवायचा, आणि संध्याकाळी सुटला की घरी यायच्या आधी त्या गोल दुकानापाशी उभा राहून एक पेला रिचवायचा, ढेकर द्यायचा आणि दुकानदाराला म्हणायचा, "आता घरचं ऐकायला पोटात जागा झाली." घरचं म्हणजे माझं. तुला खांद्यावर बसवून न्यायचा आणि तुझ्या पेल्यात मीठ जास्त घालायला लावायचा, तुझं तोंड बघायला. तो गेला तेव्हा तुझं विमान चुकलं होतं. शवपेटी चर्चमधून बाहेर पडताना तू पोचलास आणि त्याच दिवशी संध्याकाळी परत गेलास, कामं होती. त्या दिवशी तू एकही फोटो काढला नाहीस. ईस्टरला त्याच दुकानापाशी तू माझे इतके काढलेस की दुकानदार म्हणाला, "व्हेनेराबाई, निवडणुकीला उभ्या राहताय की काय?" मी म्हटलं, "माझा लेक आलाय." एवढंच म्हटलं. त्या दिवसांत मी भेटेल त्याला एवढंच सांगत होते, माझा लेक आलाय, माझा लेक आलाय.

आणि भटकायला काळ्या दगडांचा समुद्र. तिथे वाळू शोधू नका म्हणावं, डोंगराने जे ओतलं तेच आहे, अनवाणी गेलात तर पाय सोलून निघतील. तिथे बापाने तुला पोहायला शिकवलं. शिकवलं म्हणजे ढकललं. मी दगडावर बसून दोघांना शिव्या घालत होते. ईस्टरला तू मला तिथल्याच खुर्चीवर बसवलंस, समुद्राकडे तोंड करून, शाल डोक्यावरून घ्यायला लावलीस आणि म्हणालास, "आई, लांब बघ. काहीतरी आठवतंय असं बघ." मग फोन कानाला लावून दगडांवर चढलास. वारा थंड होता, माझे गुडघे ठणकत होते, पण मी लांब बघत बसले, कारण तू सांगितलं होतंस. वाऱ्यावर तुझं बोलणं तुकड्यातुकड्यांनी येत होतं, "हो लुदोविका... हो, काळ्या शालीत... अगदी हवं तसं आलंय." मला वाटलं, सून विचारते आहे की आईंना थंडी तर वाजत नाही ना. बघ किती मूर्ख म्हातारी आहे तुझी आई! मी तुला सांगणार होते की तिला म्हण, मी मजेत आहे.

सरळच सांगते. त्या तीन दिवसांत मी सुखी होते. लग्नाच्या वेळेला होते त्याहून जास्त. सहन होत नाही ते हेच. तू घर मागितलं असतंस, भांडला असतास, दार आपटून गेला असतास, तर मी तुला चार शिव्या हासडून मोकळी झाले असते आणि कदाचित देऊनही टाकलं असतं. आईचं काळीज काय, पोर रडलं की पाझरतं. पण तू मला सुख दिलंस, आणि ते फोटोसाठी दिलंस.

आता घर. तुझ्या पाहुण्यांसाठी सगळ्यात महत्त्वाची जागा तीच ना! सप्टेंबरात एका दुपारी बेल वाजली. मी बाल्कनीतून डोकावले तर खाली एक जोडपं, दोघंही उंचच उंच, गोरे, उन्हाने लाल झालेले. हॉलंडचे निघाले. हातवारे करून काहीतरी विचारत होते. मला वाटलं वाट चुकलेत, म्हणून टोपली सोडली, असला काही पत्ताबित्ता तर घाला म्हटलं. बाईने टोपलीत काहीतरी ठेवलं, अगदी हळू, देवापुढे ठेवावं तसं. मी दोर ओढला. वर आली ती पांढरी शेवंती! आपल्याकडे ती फक्त कबरीवर वाहतात, आणि जिवंत माणसाच्या दारात शेवंती! अपशकुन टळावा म्हणून मी कठड्याच्या लोखंडाला दोन्ही हात घट्ट लावले आणि वरून त्यांच्या सात पिढ्या उद्धरल्या. ते बिचारे हसत हात हलवत होते. नेद्दाने समोरून छातीवर क्रूस काढला आणि खिडकीच लावून घेतली.

तेवढ्यात चेत्तिना माझी औषधं घेऊन आली. हो, तीच चेत्तिना, तुझी पहिली बायको, जिचं नाव काढलं की तुला मिलानहून खोकला येतो. तू तिला सोडलंस, पण तिने मला सोडलं नाही. दोन गल्ल्या पलीकडे शिवणकाम करते आणि रोज सकाळी खालून ओरडते, "सासूबाई, आहात का गेलात?" मी वरून ओरडते, "आहे गं बाई, अजून आहे. तुझं नशीबच फुटकं!" मग मी टोपली सोडते आणि ती पाव घालते. चेत्तिनाने त्या दोघांना वर आणलं, कॉफी केली. तिला थोडं इंग्रजी येतं, थोडं फोनला येतं. बाईने पर्समधून फोन काढून दाखवला. त्यात मी होते, सारो. गुंडी बुडवताना मी. कोळंबी खाताना मी. काळी शाल डोक्यावरून घेऊन समुद्राकडे बघताना मी, काहीतरी आठवतंय अशी. चेत्तिनाने खालचं वाचलं, थांबली, परत वाचलं. मी म्हटलं, "वाच की मोठ्याने, तोंडात काय मूग धरलेस?" तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिने वाचलं, "आमच्या लाडक्या, दिवंगत आजीचं घर. तिच्या आवडीच्या जागा, तिच्याच हस्ताक्षरात."

त्या हॉलंडच्या बाईला मी घर सांभाळणारी वाटले. नाताळासाठी तिने घर ठरवलं होतं, गावात होती म्हणून नुसतं बघायला आली होती, आणि मेलेल्या आजीसाठी फुलं घेऊन आली होती. फुलवालीने "मेलेल्या बाईसाठी" ऐकलं आणि शेवंती दिली, तिचं काय चुकलं? चेत्तिना खरं सांगायला तोंड उघडत होती, मी तिच्या पायावर पाय दिला. म्हटलं, "सांग त्यांना, म्हातारी चांगली होती. तोंडाची फटकळ, पण चांगली." चेत्तिनाने सांगितलं. तर त्या बाईने माझे दोन्ही हात धरले आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. चार मजले चढून आलेली ती परकी बाई, सारो, माझ्यासाठी माझ्यासमोर रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, "पुरे हो, वय झालं होतं तिचं." ती गेल्यावर मी शेवंती पाण्यात ठेवली. टाकवेना. माझ्यासाठी आणलेली फुलं, तुझा बाप गेल्यानंतरची पहिलीच.

मग चेत्तिना आणि मी बसलो. ती तुला फोन करून फाडून खाणार होती, मी करू दिला नाही. म्हटलं, मेलेल्या बाईने फोन करायचा नसतो. आपल्याकडे म्हणतातच, म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो. इथे म्हातारी मेलीच नाही आणि काळ कोण, तर पोटचा पोरगा, आयत्या बिळावरचा नागोबा. वाईट वाटलं का म्हणून विचारशील? नाही विचारणार, पण सांगते. आठवडाभर मी जेवले नाही. आरशात बघायची भीती वाटायची. रात्री छातीवर हात ठेवून बघायचे, चालू आहे ना. तू नुसतं एक वाक्य लिहिलंस, लोकांना रडू यावं म्हणून, पण ते लिहिताना तुझा हात एकदाही अडखळला नसेल का, हेच मी स्वतःला विचारत राहिले. आठव्या दिवशी नेद्दाने समोरून ओरडून विचारलं, "व्हेनेरा, जिवंत आहेस का गं?" आणि मला एवढा राग आला की उठले आणि भांडंभर मकरोनी खाल्ली.

आपल्या गावात म्हातारी माणसं जे करतात तेच मी केलं. घर विकलं, पण मरेपर्यंत राहायचा हक्क स्वतःकडे ठेवला. घेणाऱ्याने माझ्या मरणाची वाट बघायची, आणि मी जमेल तेवढं जगून त्याला दाखवायचं. नेद्दाच्या चुलतभावाने असंच विकलं होतं, त्याने तर घेणाऱ्याच्याच अंत्ययात्रेत खांदा दिला. मृत्युपत्रात चेत्तिनाला लिहून द्यायचा विचार होता, पण नोटरीबाई म्हणाली, "मुलाचा वाटा कायद्याने राहतोच, तो भांडेल. रीतसर किमतीला विका, म्हणजे त्याला फक्त बघता येईल." मला ते शब्द फार आवडले. चेत्तिनाने तिच्या आईचा मळा विकून पैसे उभे केले, एक पैसा कमी घेतला नाही मी. ती सही करताना म्हणाली, "सासूबाई, आता मला तुमच्या मरणाची प्रार्थना करायला हवी." मी म्हटलं, "कर की, पण मेणबत्ती स्वस्तातली लाव." ती इतकी हसली की नोटरीबाईने पाणी मागवलं, आणि मग हसता हसता रडायला लागली. या घरात ती नवरी म्हणून आली होती रे. तू तिला याच जिन्यावरून खाली पाठवलंस.

पैशांचं विचारू नकोस, ते मी खाते आहे. अक्षरशः खाते आहे. रोज सकाळी टोपलीतून ग्रानीता वर येते, गुंडीसकट पाव. शुक्रवारी पुद्दू कोळंबी पाठवतो आणि खालून ओरडतो, "डोळे बघून घ्या हो!" ज्या ज्या जागा तू माझ्या म्हणून लोकांना दाखवल्यास, त्या आता दोराने बांधून मी घरी आणते. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. माझी तर मेल्यावरही गेली नाही.

आता हे का लिहिलं ते. हे पत्र मी टपालात टाकलेलं नाही, सारो. टोपलीत ठेवलं आहे. म्हणजे तू हे वाचतो आहेस तेव्हा दोन तारीख आहे, मेलेल्यांचा दिवस, आणि तू खाली दारात उभा आहेस, मला न विचारता करून घेतलेली किल्ली नव्या कुलपाला लागली नाही म्हणून. शेजारी रंगारी आहे, गाडीत लुदोविका आहे, आणि बाल्कन्यांमध्ये सगळी गल्ली आहे, मीच सांगितलं होतं सगळ्यांना. आज आपल्याकडे मेलेली माणसं पोरांना खाऊ आणतात. लहानपणी तू पलंगाखाली शोधायचास आणि ओरडायचास, "आई, आजोबा येऊन गेले!" यंदा तुझ्याकडे मेलेलं दुसरं कोण आहे? म्हणून मीच आणलाय. टोपलीत बदामाच्या लगद्याची फळं आहेत, साखरेचा शिपाई आहे, तुला आवडायची ती हाडांच्या आकाराची कडक बिस्किटं आहेत. त्याखाली विक्रीच्या कागदाची नक्कल आहे, ती रंगाऱ्याला दाखव, त्याची खेप फुकट गेली. तुला आठवतं, आदल्या संध्याकाळी तू काय करायचास? किसणी लपवायचास. आईला फसवणाऱ्या पोरांचे तळपाय मेलेली माणसं किसणीने किसतात, असं मी तुला सांगितलं होतं, म्हणून तू ती भट्टीत, गादीखाली, एकदा तर बापाच्या बुटात लपवलीस आणि बिचाऱ्या नित्तोचं बोट कापलं. यंदा लपवायचं विसरलास तू. उलट मला सापडेल अशी भिंतीवर टांगून गेलास. टोपलीच्या तळाशी फडकं आहे, ते बाजूला कर. आता वर बघ. मी इथेच आहे, तांबड्या स्वेटरमध्ये. बूट काढ.

तुझीच,
दिवंगत आई